व्हिडिओ गेमला ऊन दाखवलं तो आश्विन

पाऊस गेला की आमच्या अमरावतीच्या गल्लीतली घरं उलटी होतात. आतलं सगळं बाहेर येतं. गाद्या, गोधड्या, लग्नातले शालू, ज्वारी, मूग, लोणच्याच्या बरण्या, लोखंडी पेटीतले लोकरीचे कपडे. चार महिने ओल धरलेल्या वस्तूला गच्चीवर नेऊन ऊन दाखवायचं हा इथला नेम. कोणी शिकवत नाही, कोणी विसरत नाही. आजारातून उठलेल्या माणसालाही आधी खाटेसकट अंगणात आणतात. मग दूध, मग औषध. आश्विनातलं आमचं ऊन तसं आहेच. पांढरं, कोरडं, सरळ डोक्यावर येणारं. त्यात टाकलेल्या गोधडीला संध्याकाळी नाक लावलं की भाजलेल्या ज्वारीसारखा वास येतो.

आज सकाळी समोरच्या गच्चीवर पहिली गादी पडली आणि मी दुकानातलं कपाट उघडून पाहिलं. सवय आहे. खिडक्या झाकलेल्या आहेत का, ते पाहतो. खिडक्या म्हणजे घराच्या नाही. आयसीच्या.

हे नीट सांगतो, कारण ज्यांनी व्हिडिओ गेम फक्त खेळला त्यांनी तो आतून पाहिलेला नसतो. जत्रेत, एसटी स्टँडजवळ जी कपाटाएवढी मशीन असायची, बटणं आणि दांडी असलेली, तिच्या पोटात एक हिरवा बोर्ड असतो. त्या बोर्डावर गोमेसारख्या पायांच्या काळ्या आयसी. त्यांतल्या काही आयसींच्या पाठीवर मधोमध काचेची गोल खिडकी असते. विमान कसं उडावं, गोळी कुठं लागावी, ढग कोणत्या रंगाचा, हे सगळं त्या काचेखाली लिहिलेलं असतं. काचेवर कागद चिकटवून ठेवतात. कारण आत सतत ऊन गेलं की लिहिलेलं पुसलं जातं. एका दिवसात नाही, पण आठवडाभर आमचं ऊन मिळालं की पाटी कोरी.

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत मास्तरांशी पटलं नाही. त्यांचं बरोबर असेल, पण मी परत गेलो नाही. रेडिओच्या दुकानात बसलो, मग माझं दुकान टाकलं, रेडिओ गेले तर टीव्ही धरले, आणि जेव्हा व्हिडिओ गेमचे तंबू वऱ्हाडातल्या जत्रांमधून फिरायला लागले तेव्हा ते बोर्ड माझ्याकडे यायला लागले. दुसऱ्यांनी परत पाठवलेले बोर्ड मी घ्यायचो. लोक हट्टी म्हणतात. म्हणू द्या. हट्टी नसतो तर मी बोर्ड फेकून नवा घ्या म्हणालो असतो, आणि नवा तर कुठंच मिळत नव्हता.

तो आश्विन कापसाच्या वाईट वर्षांतला. कपाशीवर लाल्या रोग पडला होता. शेतं लांबून पाहिली तर फुलल्यासारखी लाल दिसायची, जवळ गेलं की पानं हातात चुरायची. गावोगावचे जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, बंद पडत होते. बाहेरचे कॅमेरे त्या वर्षांत आमच्याकडे फार यायचे आणि सगळ्यांना एकच गोष्ट विचारायचे. एक जण माझ्या दुकानासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, इथे लोक आता हसतात का हो?" मी म्हटलं, "थांब, चहा पी, मंग दाखवतो." थांबला नाही. थांबला असता तर त्याच दुपारी रशीदा भाभी आली, ते त्याला पाहायला मिळालं असतं.

रशीदा भाभी म्हणजे चांदूर बाजारच्या करीमभाईची बायको. करीमभाई विमानाच्या गेमचा तंबू घेऊन जत्रा करायचा. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हटलं तर रागवायचा, म्हणून दोस्त. त्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, जीभ जड झाली. मशीन पावसाळाभर गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहिली.

भाभीनं बोर्ड ओढणीत बांधून आणला होता. काउंटरवर ठेवला, गाठ सोडली आणि माझ्या बायकोकडे पाहून हसली. सुमन आतून चहा घेऊन आलेलीच होती.

"भाऊ, पाहा बरं याले काय झालं," भाभी म्हणाली. "पुसला, चमकवला, ऊन दाखवलं. तरी पडद्यावर नुसत्या रेघा."

"ऊन कुठं दाखवलं?"

"गच्चीवर. गाद्यांच्या बाजूले. रोज नेला, रोज आणला. कावळे बसतीन म्हणून मीच काठी घेऊन बसून राहिली."

"आणि वरचे कागद?"

"त्याले तं बुरशी आली होती. सोलून फेकले. पाहा ना, काच कशी चकाचक निघाली!"

काचा खरंच चकाचक होत्या. इतक्या स्वच्छ खिडक्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. माझा चेहरा पाहून तिनं कप खाली ठेवला.

"काहून भाऊ? जास्त झालं का ऊन?"

मी सांगितलं. ऊन कोणाला चालतं, कोणाला नाही, आणि या काचांखाली विमान होतं ते आता नाही. ती बोर्डाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "या अल्ला. आमच्या ह्यांची मशीन मी लोणच्यासारखी मुरवली."

सुमनला हसू आवरेना. पदर तोंडात धरला तरी खांदे हलत होते. भाभी पण हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तिचा दीर सत्तार मशीन भंगारात द्यायला बसला होता. भाऊ आजारी, बाई काय तंबूत बसणार, लोक काय म्हणतील. तिनं घरात सांगून टाकलं होतं की कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत ती स्वतः तंबू लावेल. सत्तार म्हणाला, मशीन चालू करून दाखव, मग बोलू. आणि तिनं चालू करण्याच्या हौसेनं तिला पार कोरी करून टाकलं.

कौंडण्यपूरच्या जत्रेत जागेचा रिवाज आहे. नदीकडे उतरताना कडुनिंबाखाली करीमभाईचा तंबू असायचा. कागद नाही, पावती नाही, दरवर्षी येऊन खुंट ठोकला की जागा त्याची. एक वर्ष खुंट पडला नाही की दुसऱ्याचा पडतो, मग भांडायला तोंड राहत नाही.

"तंबूत बसायचं मले," भाभी म्हणाली. "इतकी वर्षं कनातीच्या मागं बसून भाकरी थापली. गेमचा आवाज ऐकून मले समजे, पोट्टा कुठं मेला. एकदा तरी समोर बसतो ना मी."

मी म्हटलं, "बसशीन. बोर्ड ठेवून जा."

असं म्हणायची मला सवय आहे. आधी म्हणतो, मग करतो. उलटं केलं तर काम होत नाही असा माझा अनुभव आहे.

अकोल्याला माझ्या ओळखीचा एक दुकानदार होता, त्याच्याकडे आयसी लिहायचं यंत्र होतं. कोरी झालेली आयसी परत लिहिता येते, हे त्या खिडकीचं चांगुलपण. मी सगळ्या आयसी उपसून त्याच्याकडे नेल्या. त्यानं एकेक यंत्रात बसवून पाहिली. बाकीच्या ठीक होत्या, दोन आयसी काही केल्या लिखाण धरेनात. वयच झालं होतं त्यांचं. "काका, हा नंबर बनणं बंद झाला," तो म्हणाला. "नागपूरले नाही, मुंबईले नाही. आला तर जुनाच काढलेला येईन." आणि लिहायला मूळ गेम पण पाहिजे होता, कोणाच्या तरी चालू बोर्डातला. म्हणजे दोन आयसी आणि एक मन मोठं असलेला माणूस, एवढं पाहिजे होतं.

आयसी माझ्या घरातच निघाल्या.

आमच्या भागातला एक जिन बंद पडला तेव्हा त्याचं सामान भंगारात गेलं, आणि कापूस तोलायच्या इलेक्ट्रिक काट्याचा बोर्ड मी उचलून आणला होता. तो काटा मीच दोनदा दुरुस्त केलेला. जिन चालू असताना हंगामात काय धूळ, काय रुई उडायची तिथं. बैलगाड्या, ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागलेले, माणसं गाडीखालीच झोपायची, चहाच्या टपरीवर उभं राहायला जागा नसायची. आणि सगळ्यांचे डोळे त्या काट्याच्या लाल आकड्यांवर. मी तो बोर्ड फडताळात ठेवला होता. कधी कधी वीज देऊन पाहायचो. लाल शून्य उजळायचं. वजन नाही, कापूस नाही, पण काटा तयार. ते शून्य पाहून मला बरं वाटायचं, का ते सांगता येत नाही.

त्या बोर्डावर खिडकीवाल्या दोन आयसी होत्या. हाच नंबर.

मी त्या काढायला हात नेला आणि थांबलो. चालणारी वस्तू मी कधी मोडली नव्हती. सुमन निवडायचे तांदूळ घेऊन दारात बसली होती. तिनं पाहिलं.

"काय झालं?"

"हे चालू आहे ना अजून."

"चालू आहे, पण तोलून काय राहिलं?" ती म्हणाली. आणि तांदूळ निवडत राहिली.

मग मी काढल्या. काचांवरचे कागद सोलले, दोघी स्टीलच्या ताटलीत ठेवल्या आणि ताटली गच्चीवर नेली. शेजारी आमच्या गोधड्या, पलीकडे सुमनचे मूग. ज्या उन्हानं भाभीचं विमान नेलं, त्याच उन्हानं आता जिनाचा काटा पुसायचा होता. रोज सकाळी ताटली वर, संध्याकाळी खाली. गल्लीतली माणसं विचारायची, "बाबूराव, काय वाळवून राहिले? झुरळं काय?" मी म्हणायचो, "कापूस वाळवून राहिलो." खोटं नव्हतं ते. त्या काचांखाली आमच्या मुलखाचा कापूसच तोललेला होता. आकडे काही त्यात साठत नसतात, तोलायची रीत तेवढी असते, हे मला माहीत आहे. तरी पण उन्हात बसलं की माणूस काहीही विचार करतो. मला वाटायचं, काचेतून एकेक गाडी निघून चालली आहे, आपापल्या गावाला, रिकामी.

वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. पाटी पुसल्याशिवाय दुसरं अक्षर लिहिता येत नाही एवढं चौथीपर्यंतसुद्धा शिकवतात.

राहिला मन मोठं असलेला माणूस. तसा विमानाचा गेम दुसऱ्या एकाकडेच होता, दर्यापूरच्या वासुदेवकडे. वासुदेव म्हणजे करीमभाईचा जत्रेतला दावेदार. कडुनिंबाखालच्या जागेवर त्याचा डोळा होता हे जगाला माहीत. मी एकटा जाणार होतो. भाभी म्हणाली, मी पण येतो. जीपमध्ये पाठीमागं बायांमध्ये अडकून बसली, मी टपाच्या दांडीला धरून. दोन्ही बाजूंनी लाल पडलेली कापसाची पऱ्हाटी.

वासुदेव अंगणात खाटेवर बसून मशीनच्या दांडीला तेल देत होता. आमचं ऐकून घेतलं आणि भाभीकडे न पाहता मला म्हणाला, "करीमनं मले कधी एक स्क्रू देला नाही."

"तुमी मागतला कवा?" भाभी म्हणाली. "गेल्या साली उचलूनच नेला तं."

वासुदेव खाकरला. "तो माहाच होता."

"मंग आमच्या मशीनीत काय करून राहिला होता?"

मला वाटलं, संपलं. पण वासुदेवची बायको आतून मोठ्यानं हसली, आणि नवऱ्याला घरच्या हसण्यापुढं जास्त ताणता येत नाही. त्यानं तेलाचा हात पुसला. मग म्हणाला ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"भाभी, यंदा जत्रा अर्धीच भरन. अर्ध्या जत्रेत माहा एकटा तंबू म्हंजे सुतकाचं घर. दोन तंबू असले तं पोट्टे इकडून तिकडं पळतात, गलबला होते, मोठे माणसं पण काय आहे म्हणून येतात. नेजा गेम. पण माह्या आयसी माह्या नजरेसमोरून हलल्या नाही पाहिजे."

आणि तो खरंच आला. अकोल्यापर्यंत. जेवणाच्या डब्यात सिगारेटच्या पाकिटाची चांदी अंथरून त्यावर आयसी, डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. पोरगी सासरी पोचवायला निघालेल्या बापासारखा. जीप आदळली की म्हणायचा, "हळू रे, लेकरं आहेत." ड्रायव्हर मागं वळून लेकरं शोधायचा.

अकोल्यात दुकानदारानं जिनाच्या दोन्ही आयसी तपासल्या. कोऱ्या. आमच्या उन्हानं काम केलं होतं. मग वासुदेवच्या आयसीतलं एकेक वाचून आमच्या आयसीत उतरवलं. दुपार गेली त्यात. वासुदेव यंत्राच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसला होता, लिहिताना त्याचं काही कमी तर होत नाही ना, हे पाहत. शेवटी बोर्ड टीव्हीला जोडला. चित्र आलं. पण विमानाच्या जागी ढगाचा तुकडा उडत होता आणि आभाळात विमानांची शेपटं तरंगत होती.

वासुदेव म्हणाला, "बिघडला."

मी काही म्हणायच्या आत भाभी पडद्याला बोट लावून बोलली, "बिघडला नाही. ह्या दोघीची जागा बदला, भाऊ. ढग इकडं, शेपूट तिकडं."

दोन आयसींची अदलाबदल केली. विमान आलं. पूर्ण, निळं, पंख्यासकट. त्या छोट्या दुकानात तो जुना आवाज सुरू झाला, आणि कनातीच्या मागून इतकी वर्षं तो नुसता ऐकणारी बाई पहिल्यांदा त्याच्या समोर उभी होती. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. एवढंच.

परत आल्यावर खिडक्या झाकायचं राहिलं होतं. मी काळी टेप शोधत होतो. सुमन म्हणाली, "थांबा," आणि कपाळाला लावायच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. मखमलीच्या, मरून रंगाच्या, मोठ्या. ती तेव्हा रुपयाएवढी टिकली लावायची, गल्लीत तिच्याएवढी मोठी कोणाची नव्हती. एकेक टिकली सोलून तिनं एकेका काचेवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. माप असं बसलं की मी मुद्दाम कापून आणली असती तरी बसलं नसतं. गोल खिडकी, गोल टिकली, कडेनं एक रेघ उजेड जाणार नाही.

भाभी म्हणाली, "सुमनबाई, मी तं लावत नाही. माही मशीन लावते."

"नांदती ठेव," सुमन म्हणाली.

कौंडण्यपूरला मी पण गेलो. जत्रा अर्धीच होती, वासुदेव बोलला तशी. वर्धा नदीवरून गार वारा येत होता. कडुनिंबाखाली भाभीनं स्वतः खुंट ठोकला. हातोडा चुकीच्या बाजूनं धरला होता, पण ठोकला. शेजारी वासुदेवचा तंबू. दोन्हीकडून विमानांचा आवाज, आणि पोरं खरंच इकडून तिकडं पळत होती. त्यांच्या मागं धोतरातली, पायजम्यातली, डोक्यावर टोपी घातलेली माणसं आली. शेतातून लाल पानं पाहून आलेली माणसं. एक म्हातारा बटण दाबायचा आणि विमान पडलं की मोठ्यानं हसायचा, परत दाबायचा. मला तो कॅमेरेवाला आठवला. हसतात का विचारत होता.

दुपारी सत्तार आला. लांबच उभा राहिला, हात मागं बांधून. भाभी स्टुलावर बसली होती, समोर गर्दी. तिनं त्याला पाहिलं आणि आवाज दिला, "सत्तार, वहाँ खडा काहून आहेस? रांग लाव पोट्ट्यांची. ढकलून राहिले." सत्तारनं हात सोडले आणि रांग लावायला गेला. भंगारवाल्याचं नाव त्या घरात परत निघालं नाही. करीमभाईला पुढच्या जत्रेला खुर्चीवर बसवून आणलं होतं, त्यानं डाव्या हातानं एक गेम खेळला आणि भाभीनं त्याला हरवलं.

आता जत्रेत पोरं मोबाईल घेऊन येतात. तरी भाभीचा तंबू लागतो. जुना गेम पाहायला आता बापच पोरांना घेऊन येतात आणि स्वतःच खेळत राहतात. दर आश्विनात बोर्ड माझ्याकडे येतो, मी आयसींचे पाय घासतो, सैल झालेले सोल्डरचे डाग पक्के करतो, आणि भाभीचा फोन येतो. सलाम नाही, दुआ नाही, पहिलं वाक्य एकच: "भाऊ, ऊन निघालं. खिडक्या झाकल्या?" जिनाच्या त्या दोन आयसी अजून चालू आहेत. इतक्या वर्षांत मी त्या बोर्डावरचं पुष्कळ काही बदललं, त्या दोघींना हात लावायची वेळ आली नाही. लोक मला विचारतात, बाबूराव, ही जुनी मेमरी किती दिवस टिकेल? मी म्हणतो, झाकून ठेवली तर माझ्यापेक्षा जास्त.

आज सकाळी कपाटातून बोर्ड काढला तर एका काचेवरची टिकली सुटलेली होती. डिंक गेला होता. मी बाजारात गेलो. चार दुकानं फिरलो. सगळीकडे बारीक, राईच्या दाण्याएवढ्या, खड्यांच्या. एका दुकानातली पोरगी म्हणाली, "आजोबा, इतकी मोठी टिकली आता बनत नाही. कोणी लावतच नाही."

घरी आलो. सुमनला सांगितलं की आता आयसीपेक्षा टिकली मिळणं अवघड झालं. ती उठली, लोखंडी पेटी उघडली आणि शालूच्या घडीखालून पाकीट काढलं. मरून, मखमली, रुपयाएवढ्या. बऱ्याच शिल्लक होत्या.

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. बारीक टिकली. कधीपासून, हे मला आठवेना. मी आयसीचे नंबर पाठ सांगतो, पण हे मी पाहिलंच नव्हतं.

"तू काहून लावत नाहीस ह्या?" मी विचारलं.

"मले लहान पण चालते," ती म्हणाली. "मशीनले तं मोठीच पाहिजे ना." आणि एक सोलून तिनं काचेवर ठेवली, अंगठ्यानं दाबली, आणि गच्चीवरच्या गोधड्या उलटवायला वर निघून गेली.